पत्रिकेत दादाचं नाव

पुणे,
शुक्रवार

ती. आई आणि अण्णा यांना
सा. न. वि. वि.

फोनवर हे बोलणं होत नाही. आईचा आवाज भरून येतो, अण्णा "बरं बरं, बघू" म्हणून फोन ठेवतात आणि दादा शेजारीच बसलेला असतो. म्हणून लिहितेय. आईचा चष्मा सापडत नसेल तर अण्णा, तुम्ही मोठ्यानं वाचा. दादाच्या देखत वाचलंत तरी चालेल, त्याच्यापासून लपवण्यासारखं यात काही नाही.

काकांनी त्यांच्या मुलीच्या लग्नपत्रिकेचा मजकूर व्हॉट्सॲपवर पाठवला. खाली 'विनीत' म्हणून घरातल्या सगळ्या पुरुषांची नावं आहेत, दहावीतल्या पोराचंसुद्धा. दादाचं नाही. काकूंना फोन केला तर म्हणाल्या, "मुलाकडचे इचारतील, ह्यो कोण, काय करतो. चार दिवस निलंग्याला आत्याकडं राहील की. तुझ्या आई-अण्णांलाबी पटलंय."

तुम्हाला हे मनापासून पटलंय असं मला वाटत नाही. दमलात म्हणून हो म्हणालात. इतकी वर्षं दुसऱ्या कुणी एक रात्रही तुमची जागा घेतली नाही. दादा आजारी पडला तेव्हा सुरुवातीला उतारे झाले, गंडेदोरे झाले, पण मग अण्णा त्याला लातूरच्या सरकारी रुग्णालयात घेऊन गेले आणि त्यानंतर औषध सुटू दिलं नाही. "गोठ्यात बांधून ठेवा, ताळ्यावर येईल" म्हणणाऱ्या पाहुण्याला अण्णांनी ओसरीवरून उठवलं होतं, मला लख्ख आठवतं. मानसिक आजाराच्या माणसाला साखळीनं बांधायचं नाही, असा कायदा पुढं २०१७ साली झाला. आपल्या घरानं ते आधीच पाळलं होतं. म्हणून तर मला हे तुमच्यापाशी बोलावंसं वाटतं. त्याला घरात जपलंत, तसं घराबाहेरही त्याच्या बाजूनं उभं राहायला हवं.

काकूंची भीती मी समजू शकते. मुलीचं लग्न आहे, सोयऱ्यांनी "घराण्यात आहे" म्हणून बोट दाखवलं तर? त्याचं उत्तर मी डॉक्टरांना विचारून घेतलंय. दादाच्या या मानसिक आजारात, म्हणजे स्किझोफ्रेनियात, आनुवंशिकतेचा भाग असतो, हे खरं. पण ज्यांना हा आजार आहे त्यांच्या सख्ख्या भावंडांतसुद्धा दहातल्या नऊ जणांना तो होत नाही. मी त्याची सख्खी बहीण आहे, मला झालेला नाही. नवरी तर चुलत बहीण, तिचा धोका याहून खूप कमी. काका-काकूंना हे मी स्वतः सांगेन. मुलाकडच्यांनाही सांगायची माझी तयारी आहे, कारण लपवलेली गोष्ट लग्नानंतर कळली की तिचं विनाकारण प्रकरण होतं.

दुसरं म्हणजे त्याचे हात. मागच्या लग्नात पंगतीत त्याच्या हातातलं वरण सांडलं, तेव्हा "सकाळपासूनच लावलीय वाटतं" असं कुणीतरी बोललं आणि चार जण हसले. दादानं आयुष्यात दारूला हात लावलेला नाही. थरथर औषधानं येते. झोप, जडपणा, वाढलेलं पोट हेही बरंचसं औषधानंच. आणि गाव त्याला ऐतखाऊ म्हणतं. पहाटे उठून शेरडांना पाला कोण आणतं, हे त्यातल्या एकालाही माहीत नसतं. थरथर कमी करता येते, डोस बदलून किंवा एखादी गोळी वाढवून. लग्नाआधी लातूरला जाऊन डॉक्टरांना हे नक्की दाखवा. अण्णा, "तेवढं चालायचंच" म्हणू नका. चारचौघांत पेला धरता आला की माणूस चारचौघांत जातो. मात्र गोळ्या आपल्या मनानं कमी करायच्या नाहीत, लग्नाच्या गडबडीत तर एकही चुकवायची नाही.

आई, तू किल्लारीच्या भूकंपाच्या गोष्टी सांगायचीस. ३० सप्टेंबर १९९३, गणपती बुडवून लोक झोपलेले आणि पहाटे चारच्या आत सगळं जमीनदोस्त. आजी त्यानंतर कित्येक वर्षं माळवदाखाली झोपली नाही. पाऊस आला तरी बाहेर पत्र्याखाली बाज टाकायची. भूकंपानंतर लोक पत्र्याच्या शेडांत राहायचे, तिथं रात्री ओरडत उठणारी माणसं तर दर चार शेडांत एक होती, असं तूच म्हणायचीस. त्यांच्या पोरीबाळींची लग्नं थांबली का? आजीला कुणी पंगतीतून उठवलं का? उलट बायका आळीपाळीनं तिच्या सोबतीला झोपायला यायच्या. सगळ्यांवर एकदम आलं तेव्हा गावाला माणसं सांभाळता आली. दादाच्या एकट्याच्या वाट्याला आलं तेव्हा का येऊ नयेत? हा प्रश्न मी गावाला विचारणार आहे, सप्ताहात सगळे जमतील तेव्हा विचारणार आहे. कीर्तन चालू असताना दादा मंडपाबाहेर बसतो आणि मांडीवर ठेका धरतो. आजारी पडायच्या आधी तो भजनात टाळ वाजवायचा. त्याचा ठेका अजून चुकत नाही, मी दिवाळीत बघितलंय. भजनी मंडळाच्या बुवांशी अण्णांचं चांगलं आहे. एक टाळजोडी त्याच्या हातात द्यायला किती लागतं?

आत्या म्हणते तसं येरवड्याच्या मनोरुग्णालयात ठेवण्याचं मात्र आता कायमचं सोडून द्या. राज्यात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत. आपल्या मराठवाड्यातून यातलं एकही जवळ नाही. आजार फार वाढला तर काही दिवस भरती करावं लागतं, त्याला माझी ना नाही. पण बरी झालेली माणसं न्यायला कुणी येत नाही म्हणून तिथंच अडकून राहतात, हा विषय सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. २०१७ चा कायदा सांगतो की अशा माणसाला समाजात राहायचा हक्क आहे आणि केवळ घर नाही किंवा घरचे नेत नाहीत म्हणून त्याला तिथं ठेवता येत नाही. आपल्या दादाला तर घर आहे, आई-बाप आहेत, बहीण आहे.

आता लग्नाचं. या सगळ्यात दादाला कुणी विचारलंय का? मी परवा विचारलं. म्हणाला, "हळदीला येतो, अक्षदा टाकतो, रात्री डीजे लावला तर घरी जातो." इतकं नेमकं उत्तर दुसऱ्या कुणी दिलं नसतं. गोंगाट आणि जागरण यांनीच त्याचं बिघडतं, हे त्याला आपल्याहून चांगलं कळतं. तेव्हा वरातीला त्याला ओढायचं नाही. रात्रीच्या गोळ्या नेहमीच्या वेळेला. गावातला मावसभाऊ त्याच्यासोबत राहील, त्याच्याशी माझं बोलणं झालंय. फेटे बांधताना दादालाही बांधायचा आणि टॉवेल-टोपीचा मान इतर भावांसारखाच द्यायचा. पत्रिका अजून छापायला गेलेली नाही. अण्णा, काकांना तुम्ही मोठे भाऊ म्हणून आजच सांगा की नाव घाला. तुमचा शब्द ते मोडणार नाहीत.

आई, तू रात्री जागून जो विचार करतेस, "आमच्यामागं याचं काय", त्याबद्दलही लिहिते. त्याच २०१७ च्या कायद्यात नामनिर्देशित प्रतिनिधी नेमायची सोय आहे. उपचाराच्या बाबतीत आपल्या वतीनं कुणी बोलायचं, ते दादानं साध्या कागदावर लिहून सही करायची. त्याला मी चालत असेन तर मी आहे, त्याला दुसरं कुणी हवं असेल तर तेही त्यानंच सांगायचं. अपंगत्वाच्या २०१६ च्या कायद्यात मानसिक आजारही धरलेला आहे. स्वतःचं आवरणं, लोकांत मिसळणं, बोलणं-समजणं आणि कामधंदा हे बघून डॉक्टर टक्केवारी ठरवतात. ४० टक्के किंवा त्याहून जास्त आली तर यूडीआयडी कार्डावर, म्हणजे अपंगत्वाच्या सरकारी ओळखपत्रावर, योजनांचा रस्ता खुला होतो. संजय गांधी निराधार योजनेत बसतो का, ते तहसीलला विचारू. ऑनलाइन अर्ज मी इथून भरते, तुम्ही फक्त आधार कार्ड आणि रुग्णालयाची सगळी कागदं एका पिशवीत काढून ठेवा.

आणि जमीन. "त्याला काय करायचीय, पुतण्याच्या नावावर करा, तो बघेल त्याच्याकडं" हे बोलणं माझ्या कानावर आलंय. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात स्पष्ट लिहिलंय की आजारपणामुळं कुणाचा वारसाहक्क जात नाही. दादाचा हिस्सा दादाचाच राहील. अण्णा, यावर कुठंही सही करू नका, मला विचारल्याशिवाय तर नाहीच.

रात्रीबेरात्री काही झालं आणि मी फोन उचलला नाही, तर १४४१६ लावा. टेलिमानस म्हणतात त्याला, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीतून बोलतात. आई, तुला झोप लागत नाही त्याबद्दलही तिथं बोलता येतं. दादाइतकीच मला तुझी काळजी आहे, आणि अण्णा, तुमचीही.

मी लग्नाच्या आधीच्या गुरुवारी निघते, सकाळी औशाला उतरेन. दादाला म्हणावं स्टँडवर घ्यायला ये, दोघं मिळून त्याचे कपडे घेऊ. रंग तो सांगेल.

तुमची लेक