घरट्यातील पिल्लांची छायाचित्रे नकोत

संपादक महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचकांनी टिपलेली पक्ष्यांची छायाचित्रे येतात, ती मी आवर्जून पाहतो. मात्र अलीकडे त्यांत चोची वासून बसलेल्या पिल्लांची छायाचित्रे वाढली आहेत, आणि अशी छायाचित्रे कशी मिळविली जातात हे आमच्या कुळागरात (सुपारीच्या बागेत) मी डोळ्यांनी पाहिले असल्याने हे पत्र लिहीत आहे.

गेल्या एप्रिलमध्ये आंब्याच्या ढोलीत दयाळ पक्ष्याच्या जोडीने घरटे केले होते. कॅमेरा घेऊन आलेल्या एका पाहुण्याने मोबाइलवर दयाळाचे ध्वनिमुद्रित गाणे लावले. विणीच्या काळात दयाळाचा नर आपल्या हद्दीत दुसऱ्या नराला टिकू देत नाही; त्यामुळे तो तत्काळ खालच्या फांदीवर उतरला आणि शेपटी ताठ उभारून त्या न दिसणाऱ्या प्रतिस्पर्ध्याला आव्हान देत राहिला. पाहुण्याला हवे ते मिळाले. मादी मात्र चोचीत अळी धरून विजेच्या तारेवर तशीच बसून होती. मी घड्याळ पाहिले, वीस मिनिटे ती ढोलीकडे फिरकली नाही. आपला, म्हणजे गोव्याचा, राज्यपक्षी असलेला लाल गळ्याचा पिवळा बुलबुल पाहायला मोले, बोंडला येथे सतत नवी माणसे येतात. प्रत्येकाने एकदाच गाणे वाजविले, तरी पक्ष्याच्या कानी ते दिवसभर पडणार.

शिंजीर या चिमुकल्या पक्ष्याचे लोंबते घरटे कोळ्याच्या जाळ्याने विणलेले आणि सालीच्या कपच्यांनी मढविलेले असते, इतके बेमालूम की वाळका पाला अडकला आहे असे वाटावे. उजेडासाठी भोवतालची पाने छाटली की ऊन थेट आत शिरते आणि कावळ्याला आयता पत्ता मिळतो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातील शिकारीच्या व्याख्येत पक्ष्यांच्या अंड्यांना वा घरट्यांना उपद्रव देणेही येते, हे किती जणांना ठाऊक असेल?

वास्तविक माशीमार पक्षी कीटक पकडून बहुधा पुन्हा त्याच फांदीवर येतो, शिंजीर जास्वंदीच्या त्याच झुडपाला दिवसातून अनेकदा भेट देतो. जागा हेरून थोडे दूर, न हलता बसले की पुरते (डास चावतात, हे कबूल).

तेव्हा अंडी वा पिल्ले असलेल्या घरट्यांची छायाचित्रे आपण स्वीकारू नयेत, तसे पुरवणीत स्पष्ट छापावे आणि पक्षी गाणे वाजवून बोलावला होता काय, हेही पाठविणाऱ्यास विचारावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक, सत्तरी