गज्या लोणारले भेटला

प्रिय दिल्या,

फोन केला असता, पण तू मधातच शिव्या द्यायला लागशील म्हणून लिहून राह्यलो. गज्या भेटला बे. हाव, आपलाच. लोणारले.

पोरांना सुट्ट्या होत्या म्हणून गाडी काढली, कारंजा, मालेगाव, मेहकर करत सुलतानपूरवरून आत घुसलो. दैत्यसूदनच्या देवळापाशी गाइड पाहून राह्यलो त समोर गज्या, हातात बॅटरी. त्यानं मले पाह्यलं, मी त्याले पाह्यलं, अन् तो म्हणते, "या सर, आधी आतलं छत दाखवतो." सर! माह्या डब्यातली अर्धी भाकर रोज ज्याच्या पोटात गेली तो मले सर म्हणते.

मंग सुरूच झाला. छतावर बॅटरी मारून लवणासुर दाखवला, काठावर नेऊन सांगतलं की उल्का पडून झालेलं विवर हाये, कड ते कड १.८ किलोमीटर, १८२३ मधी अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं नोंद केली, २०२० च्या जूनमधी पाणी गुलाबी झालं ते खाऱ्या पाण्यातल्या सूक्ष्मजीवांनी, त्याच वर्षी पाणथळ जागांच्या जागतिक रामसर यादीत नाव लागलं. अन् हा आपला केमिस्ट्रीत उडालेला गज्या! पोरीच्या तळहातावर चिमूटभर हळद ठेवली, बाटलीतल्या सरोवराच्या पाण्याचे दोन थेंब टाकले, हळद लालभडक. "अल्कली हाये बेटा, पीएच दहाच्या आसपास." पोरगी म्हणे, बाबा, या काकांले किती येते! काकाचं थ्रेशरमधलं बोट अजून तसंच हाये.

निघताना मी जरा जास्तच पैसे दिले, त यानं वरचे मोजून परत केले. "रेट ठरलेला हाये सर." तेव्हापासून डोकं चालून राह्यलं नाही. राग हाये म्हणावं त दोन तास पोरांना जीव लावून फिरवलं. विसरला म्हणावं त गोमुखाच्या धारेवर पोरगा पाण्यात उतरला तेव्हा हा वरून वरडला, "ए, बापासारखा चप्पल घालून उतरू नको!" आता सांग, कौंडण्यपूरची चप्पल आपल्या तिघांशिवाय कोणाले माहीत? बायकोनं विचारलं, याले कसं माहीत, मी म्हटलं गाइड लोकांले सगळंच माहीत असते.

मोटरच्या पैशात तू तेव्हा वकिली केली नसती त हे झालंच नसतं, पण ते जाऊ दे, मी काही काढत नाही विषय.

त्याचा नंबर चहावाल्याकडून आणला, खाली लिहिला हाये. मी लावला अन् तिकडून "बोला सर" आलं त काय करू? म्हणून आधी तू लाव. मोटरचं तोंडातून काढू नको फक्त.

तुह्या पोरीच्या ॲडमिशनचं झालं का? स्लॅब पडला म्हणे, पेढे नाहीत काही नाहीत. माही बीपीची गोळी सुरू हाये, बाकी बरं. वहिनीले नमस्कार.

अन् लावशील तेव्हा दुपारी लावू नको, दुपारी तो लोकांले विवर दाखवत असते.

तुहा,
संज्या