‘उसने कहा था’ ऐकवणाऱ्या ताईंस अनावृत आभारपत्र

आदरणीय ताई,
सादर नमस्कार.

चंद्रधर शर्मा गुलेरी यांची ‘उसने कहा था’ ही पहिल्या महायुद्धाच्या पार्श्वभूमीवरची हिंदी कथा आपण आमच्या श्रवणगटासाठी ध्वनिमुद्रित करून दिलीत, त्याबद्दल गटातील सर्वांच्या वतीने मी आपले मनापासून आभार मानतो. आमच्या श्रोत्यांपैकी बहुतेकांची दृष्टी पूर्ण गेलेली आहे किंवा उतारवयात अधू झालेली आहे, आणि त्यांच्यापर्यंत पुस्तक पोहोचते ते ज्याने ते वाचले त्याच्या आवाजातूनच. आपण मानधन घेतले नाही, नाव जाहीर करू नये असेही सांगितलेत; म्हणून नाव न घेता, परंतु कोणालाही वाचता येईल अशा रीतीने हे लिहीत आहे. नुसते ‘वाचन आवडले’ एवढे कळवून आपल्या श्रमांची बूज राखली जाणार नाही, यासाठी कोणत्या श्रोत्याला काय जाणवले, कोठे मतभेद झाले, हेही सविस्तर कळवतो.

कथा सुचवली तेव्हा आमच्या काही ज्येष्ठ श्रोत्यांनी शंका घेतली होती की, शीख पलटणीची, खंदकातल्या चिखलाची आणि बंदुकांची ही गोष्ट स्त्रीच्या आवाजात शोभेल का. पहिल्या भागानंतर ही शंका कोणी पुन्हा काढली नाही, आणि पाचव्या भागानंतर तर शंका घेणाऱ्यांपैकीच एका आजोबांनी सांगितले की हा भाग एखाद्या पुरुषाने वाचला असता तर आपल्याला तो इतका लागला नसता. त्याचे कारण मला असे वाटते. सुभेदारणी, म्हणजे कथेचा नायक लहनासिंह याला लहानपणी अमृतसरच्या बाजारात भेटलेली आणि आता त्याच्या सुभेदाराची पत्नी असलेली ती मुलगी, त्याच्यापुढे पदर पसरून नवऱ्याच्या आणि मुलाच्या जिवाची भीक मागते, तो प्रसंग कथेत प्रत्यक्ष घडत नाही; मरणाच्या दारी असलेल्या लहनासिंहाच्या ग्लानीत तो उमटतो. म्हणजे तिचे बोलणे आपण त्याच्या स्मरणातून ऐकतो. आपण त्या ठिकाणी आवाज बदलला नाहीत, रडवेला केला नाहीत, किंचित खाली मात्र आणलात. त्यामुळे ते बोलणे तिचेही वाटत राहिले आणि शेवटपर्यंत ते मनात वागवणाऱ्या त्याचेही.

ही कथा जून १९१५ च्या ‘सरस्वती’ मासिकात आली. हिंदुस्थानी सैन्य मार्सेय बंदरात उतरले ते सप्टेंबर १९१४ च्या अखेरीस. म्हणजे अजमेरच्या मेयो कॉलेजात संस्कृत शिकवणाऱ्या या पंडिताने ती लिहिली तेव्हा फ्रान्स आणि बेल्जियममध्ये आपली माणसे खरोखरच मरत होती आणि युद्ध कधी संपेल हे कोणालाही ठाऊक नव्हते. ध्वनिमुद्रणाच्या आरंभी आपण मराठीतून जी छोटी प्रस्तावना केलीत, तीत हे सांगितलेत, आणि पुढे येणाऱ्या पाच-सहा पंजाबी शब्दांचे अर्थही आधीच देऊन ठेवलेत. मधेच थांबून कोणाला काही विचारावे लागले नाही, याचा उल्लेख जवळजवळ प्रत्येकाने केला. डोळ्यांनी वाचणारा माणूस मागे वळून ओळ पुन्हा पाहतो. कानांनी वाचणाऱ्याला ती सोय फारशी नसते, हे आपण ओळखलेत.

सर्वांत जास्त चर्चा पहिल्या भागावर झाली. अमृतसरच्या बंबूकार्टवाल्यांचे (टांगेवाल्यांचे) ते मिठ्ठास वर्णन आपण संथपणे वाचलेत, तेव्हा दोघा-तिघांना ते लांबल्यासारखे वाटले. माझे मत वेगळे आहे: गर्दीतून वाट काढणारी ती आर्जवी भाषा कानात नीट बसल्याशिवाय त्या बाजारातली दोन मुले आपल्याला जवळची होत नाहीत. मुलगी सांगते की तिचा साखरपुडा झाला, आणि त्यानंतर घरी परतताना मुलगा काय काय करतो याची जी यादी येते, ती मात्र आपण झरझर वाचलीत: एकाला गटारात ढकलले, कुत्र्याला दगड मारला, भाजीवाल्याच्या गाडीवर दूध ओतले. लेखकाने तेथे ‘दुःख’ हा शब्द लिहिलेला नाही आणि आपणही तो आवाजातून सुचवला नाहीत. त्याच यादीत, न्हाऊन येणाऱ्या एका बाईवर तो आदळतो आणि तिच्याकडून आंधळा म्हणून घेतो, असे वाक्य आहे. ते आपण गाळले नाहीत, की आवाज चोरून वाचले नाही. त्या वाक्याला आमच्याकडे मोठा हशा पिकला. आमच्यासमोर वाचताना लोक उगाच जपून वाचतात, ते या ताईंनी केले नाही, असे एका भगिनींनी आवर्जून नोंदवले.

खंदकाच्या भागात तोफांचे आवाज, पार्श्वसंगीत असायला हवे होते, असे तरुण श्रोत्यांचे म्हणणे पडले. त्यांचा मान राखूनही मी याच्याशी सहमत नाही. सुभेदारणीचा मुलगा बोधासिंह तापाने फणफणला आहे, लहनासिंह स्वतःचे पांघरूण आणि जर्सी त्याच्या अंगावर घालून वर ‘मला उकडते आहे’ असे सांगतो. हे खोटे बोलणे ऐकू यायला शांतताच हवी. पुढे नकली ‘लपटन साहेब’, म्हणजे लेफ्टनंट साहेबाच्या वेषातला जर्मन, तंबाखू न शिवणाऱ्या शिखाला सिगारेट देऊ करतो आणि लहनासिंहाला संशय येतो, तेथे आपण घेतलेला अगदी लहानसा विराम कोणत्याही तोफेपेक्षा जास्त काम करून गेला. श्रोत्यांतले एक गृहस्थ त्या क्षणी मोठ्याने ‘अरे, हा शत्रू!’ असे म्हणाले.

एक तक्रार खरी होती, आणि आपण ती ज्या रीतीने घेतलीत त्याबद्दल आपले विशेष आभार. पाचव्या भागात आठवणी आणि वर्तमान सारखे एकमेकांत मिसळतात. लहनासिंह मधूनमधून सोबती वजीरासिंहाकडे पाणी मागतो तेवढीच वर्तमानाची खूण. छापील पानावर मोकळी ओळ दिसते, कानाला ती दिसत नाही, त्यामुळे पहिल्या ध्वनिमुद्रणात अनेकांचा धागा सुटला. हे कळवताच आपण तो संपूर्ण भाग पुन्हा वाचून पाठवलात, पाणी मागण्याआधी श्वासाएवढी जागा सोडून. बाकी काही बदलले नाहीत. तेवढ्याने सर्वांना वाट सापडली.

सोबतच्या टिपणात आपण मल्लसिंह या शीख सैनिकाविषयी लिहिले होते. जर्मनांच्या कैदेत असताना, ११ डिसेंबर १९१६ रोजी, व्युन्सडॉर्फच्या छावणीत त्याचा आवाज मुद्रित केला गेला आणि तो आजही बर्लिनच्या हुम्बोल्ट विद्यापीठाच्या ध्वनिसंग्रहात आहे. एक माणूस होता, हिंदुस्थानात लोणी खात असे, युद्धात आला, आता त्याला घरी जायचे आहे, असे तो स्वतःविषयीच परक्याप्रमाणे सांगतो. त्याचा तो सूर मनात धरून आपण लहनासिंहाचे संवाद वाचलेत, हे टिपण वाचून दाखवल्यावर अनेकांनी कथा पुन्हा ऐकायला मागितली.

सातारा जिल्ह्यातले आमचे एक निवृत्त शिक्षक त्या दिवशी फारसे बोलले नाहीत. पुढच्या बैठकीत बोलले. त्यांचे पणजोबा मराठा पलटणीतून मेसोपोटेमियात (आजच्या इराकात) गेले होते आणि तेथील कुत या गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात सापडले होते. तेथे अडकलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या, आणि २९ एप्रिल १९१६ रोजी कुतची शरणागती झाली, एवढे त्यांना ठाऊक होते. आपल्या वाचनानंतर त्यांनी शोध घेतला तेव्हा त्यांना कळले की, १९१५ च्या अखेरीस फ्रान्समधून हलवलेल्या लाहोर आणि मेरठ डिव्हिजन याच वेढ्याच्या सुटकेसाठी लढल्या. लहनासिंहाच्या पलटणीतले कोणी माझ्या पणजोबांना सोडवायला निघाले असेल, असे ते म्हणाले. कथा काल्पनिक आहे हे त्यांना माहीत आहे. तरीही घरात मागे राहिलेल्या आपल्या पणजीचा विचार त्यांनी प्रथमच केला, आणि त्याचे श्रेय ते आपल्याला देतात.

कथेचा शेवट वर्तमानपत्रातल्या मृतांच्या यादीतील एका नोंदीने होतो. ती नोंद आपण जशी छापलेली आहे तशीच, यादी वाचावी तशी वाचलीत. तेथे थोडा गहिवर हवा होता, असे मत मांडणारे दोन श्रोते आहेत आणि ते अजूनही त्यावर ठाम आहेत. ते मत प्रामाणिकपणे आपल्यापर्यंत पोहोचवतो. बाकी सर्वांना ते वाचन योग्य वाटले. प्रेमाचा एकही उघड शब्द न उच्चारता लिहिलेल्या या कथेला आपण आपल्या बाजूने काही जोडले नाहीत, हेच मला आपले सर्वांत मोठे साहाय्य वाटते.

गुलेरी यांचे निधन १९२२ साली झाले असल्याने या कथेवर आता स्वामित्वहक्काचे बंधन नाही. आपली संमती असेल तर हे ध्वनिमुद्रण, प्रस्तावनेसह आणि पाचव्या भागाच्या दुसऱ्या वाचनासह, इतर गावांतील अंध श्रोत्यांच्या गटांनाही विनामूल्य द्यावे, असा आमचा विचार आहे. आपल्या उत्तराची वाट पाहत आहोत.

आपला कृतज्ञ,
श्रवणगटाचा संयोजक, सर्व श्रोत्यांसह