'बग' पतंगाच्या आधीचा

महोदय,
संगणकाच्या प्रोग्राममधल्या चुकीला 'बग' (इंग्रजीत किडा) म्हणतात ते एका पतंग किड्यामुळे, असे सर्रास सांगितले जाते. पतंग खराच होता. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्ड विद्यापीठातील 'मार्क टू' संगणकाच्या रिलेमध्ये (विजेवर उघडझाप करणाऱ्या स्विचमध्ये) तो सापडला आणि नोंदवहीत चिकटवला गेला. ती वही आज अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. मात्र त्याखालची ओळ नीट वाचायला हवी. 'बग प्रत्यक्ष सापडल्याची पहिली घटना' अशा अर्थाची ती नोंद आहे. प्रत्यक्ष! म्हणजे बिघाडाला बग म्हणण्याची पद्धत त्या तंत्रज्ञांना आधीपासून ठाऊक होती, म्हणून तर खरा किडा सापडल्याची त्यांना गंमत वाटली. थॉमस एडिसन यांनी १८७८ सालच्या एका पत्रात नव्या शोधातील बारीकसारीक दोषांसाठी हाच शब्द वापरला आहे, तोही 'असे म्हणतात' या सुरात.

पतंगाचा हा किस्सा अमेरिकी संगणकतज्ज्ञ ग्रेस हॉपर आवर्जून सांगत, त्यामुळे शब्दाचे श्रेयही त्यांना दिले जाते. कंपायलरचा (प्रोग्राम संगणकाच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रणालीचा) पाया घालणाऱ्या या विदुषीला त्याची गरज नाही. मुलांसाठी लिहिणाऱ्यांनी तरी पतंगासोबत एडिसन यांचे पत्रही सांगावे.

– एक वाचक, सांगली