ॲडमिनने कारण सांगायला हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपची मी चार वर्षे ॲडमिन होते. गेल्या दिवाळीत ते काम सोडले. या काळात ‘कंपूबाजी’ हा शब्द वारंवार ऐकला. पहिल्यांदा तो माझ्याबद्दल वापरला गेला तेव्हा फार लागला होता. आज वाटते, बोलणाऱ्यांचे अगदीच चुकत नव्हते.

पार्किंगच्या वादात तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी सलग सात-आठ मेसेज टाकले. भाषा घसरली होती, म्हणून मी ते पुसले. त्याच संध्याकाळी कमिटीतल्या एका गृहस्थांनी त्यांना तितकेच झोंबणारे उत्तर दिले. ते तसेच राहिले. मी मुद्दाम ठेवले नव्हते, मला ते खुपलेच नाही. त्यांचे आमच्याकडे जाणे-येणे, त्यामुळे ‘बोलतात कडक, मनात काही नसते’ हे मला माहीत होते. काकांच्या मनात काय असते, हे मी कधी विचारलेच नव्हते. कट न करताही, नुसत्या ओळखीतून कंपू होतो तो असा. त्यात आम्हा ॲडमिन मंडळींचा वेगळा छोटा ग्रुप. चर्चा तिथे व्हायची, मोठ्या ग्रुपवर यायचा तो फक्त निर्णय.

मार्च २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने गोंदियाच्या एका प्रकरणात म्हटले, की संगनमत असल्याशिवाय सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुराबद्दल ॲडमिनला जबाबदार धरता येणार नाही. सदस्य घेणे किंवा काढणे, एवढेच तेव्हा ॲडमिनच्या हाती असल्याचे न्यायालयाने नोंदवले होते. पुढच्याच वर्षी व्हॉट्सॲपने ॲडमिनला दुसऱ्याचा मेसेज सर्वांसाठी पुसण्याची सोय दिली. पुसलेल्या जागी ॲडमिनचे नाव दिसते, कारण दिसत नाही. सारा संशय तिथून सुरू होतो.

काहीही चालू द्यावे, असे माझे म्हणणे मुळीच नाही. शिवीगाळ सुरू झाली की आधी बायका आणि वयस्कर माणसे लिहायची थांबतात, हे मी पाहिले आहे. पण मेसेज पुसला तर का पुसला, याची एक ओळ ग्रुपवरच लिहावी. वाद आपल्या ओळखीच्या माणसाचा असेल तर निर्णय दुसऱ्या ॲडमिनवर सोडावा. कमिटीबाहेरचा निदान एक ॲडमिन असावा आणि दरवर्षी सर्वसाधारण सभेत नावे बदलावीत. एवढे कुठल्याही सोसायटीला जमण्यासारखे आहे.

काकांनी त्याच रात्री ग्रुप सोडला. हल्ली कोणी ग्रुप सोडला तर त्याची सूचना फक्त ॲडमिनना जाते. आम्हा तिघांना कळले, तरी आमच्यापैकी कोणीही त्यांच्या दारापर्यंत गेले नाही. पाण्याचा टँकर कधी येणार, हे आजही त्यांना वॉचमनला विचारावे लागते.

– एक वाचक, डोंबिवली (पूर्व)