गोळी आठवड्यातून एकदाच!

महोदय,

माझ्या आईला संधिवातासाठी मेथोट्रेक्झेट सुरू झाले. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चिठ्ठीवरचे अक्षर लागेना, म्हणून औषधाच्या दुकानातल्या मुलाने पाकिटावर पेनाने '१-०-०', म्हणजे रोज सकाळी एक, असे लिहून दिले. आई नेमाने रोज सकाळी गोळी घेत राहिली. नवव्या दिवशी तोंड इतके सोलवटले की गार ताकाचा घोटही गिळवेना. रक्त तपासले, तर पांढऱ्या पेशी कमालीच्या घटलेल्या. दवाखान्यात ठेवून ल्युकोव्होरिनची, म्हणजे या औषधावरच्या उताऱ्याची, इंजेक्शने द्यावी लागली. वेळीच नेले म्हणून ती वाचली.

त्या मुलावर माझा राग नाही. सोबतची फॉलिक अॅसिडची गोळीही पिवळी आणि लहानच. सत्तरीच्या बाईने फरक ओळखायचा कसा? औषधाचे जेनेरिक (कंपनीचे नव्हे, मूळ औषधाचे) नाव सुवाच्य, शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावे, असा नियम 2016 मध्येच झाला आहे. तो पाळला जावा, ही पहिली विनंती. दुसरी त्याहून सोपी आहे. या औषधाच्या चिठ्ठीवर आणि पाकिटावर मराठीत वार लिहा : 'फक्त सोमवारी'. डॉक्टरांनी गोळी कशासाठी आहे तेही लिहावे, म्हणजे दुकानदाराला शंका आली तर तो फोन करून विचारील.

17 सप्टेंबरला जागतिक रुग्ण सुरक्षा दिन असतो. त्या दिवशी केमिस्ट संघटनांनी एवढे एक काम हाती घ्यावे.

– एक वाचक, सांगली