मायनस पी लावलं की झालं, असं नसतं हो

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या कॉम्प्युटरच्या सदरात एकाने विचारलं होतं की लिनक्सवर स्क्रिप्टमधून (म्हणजे कमांडांच्या यादीच्या फाइलमधून) फोल्डरात फोल्डर बनत नाहीत, काय करू. उत्तर एका ओळीत, एमकेडिरला (mkdir, फोल्डर बनवायची कमांड) मायनस पी (-p) हा पर्याय लावा. चूक नाही, पण अर्धंच आहे, आणि उरलेल्या अर्ध्यात माझा अख्खा रविवार गेलाय म्हणून लिहितोय.

नुसतं एमकेडिर शेवटचा एकच फोल्डर बनवतं. डेटा, त्यात 2024, त्यात मार्च असा पाथ, म्हणजे फोल्डरचा पत्ता, दिला आणि डेटाच नसेल तर 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी' म्हणून मोकळं होतं. माणूस चक्रावतो, अरे नाहीये म्हणूनच तर बनव म्हणतोय ना! पण तक्रार पोराची नसते, बापाची, म्हणजे वरच्या फोल्डरची असते. मायनस पी लावलं की वाटेतले सगळे बनतात आणि फोल्डर आधीच असेल तरी ते गप्प बसतं.

हे गप्प बसणंच नडतं. माझ्या स्क्रिप्टमध्ये पाथच्या सुरुवातीचा भाग एका व्हेरिएबलमध्ये (नाव दिलेल्या किमतीत) होता, त्याच्या नावात एक अक्षर चुकलं, बॅशच्या (स्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) लेखी ते रिकामं, मग पाथ थेट स्लॅशपासून सुरू झाला आणि मी (मूर्खासारखा) रूट (सगळे अधिकार असलेला यूजर) म्हणून चालवत होतो, त्यामुळे सगळं झाड सिस्टिमच्या मुळाशीच उगवलं. एरर शून्य. मी आपला होम फोल्डरमध्ये शोधतोय. स्क्रिप्टच्या सुरुवातीला सेट मायनस यू (set -u) लिहिलं असतं तर 'अनबाउंड व्हेरिएबल' म्हणून तिथेच थांबलं असतं.

दुसरी गंमत, नावांची यादी विंडोजवरून आलेली असेल तर प्रत्येक ओळीच्या शेवटी कॅरेज रिटर्न नावाचं न दिसणारं अक्षर असतं आणि ते फोल्डरच्या नावातच चिकटतं. फोल्डर समोर दिसतो पण नाव टाइप करून सीडी (cd, फोल्डरात शिरायची कमांड) केलं की सापडत नाही! एलएस मायनस बी (ls -b, न दिसणारी अक्षरंही दाखवणारी यादी) केलं तेव्हा नावाच्या शेपटीला बॅकस्लॅश आर (\r), म्हणजे तेच कॅरेज रिटर्न, दिसला. यादी आधी डॉसटूयुनिक्समधून (dos2unix, ही अक्षरं काढून टाकणारा प्रोग्राम) काढायची.

पायथनवाल्यांनी ओएस डॉट मेकडिर्स (os.makedirs) वापरावं, ते फोल्डर आधीच असेल तर एरर देतं, आणि लोक लगेच एक्झिस्ट ओके ट्रू (exist_ok=True, म्हणजे आधीच असेल तरी चालेल) करून त्याचंही तोंड बंद करतात. मी नाही करत आता, जिथे फोल्डर नवाच असायला हवा तिथे तर नाहीच.

पुढच्या वेळी सेट मायनस यूची एक ओळ पण छापा, जागा फार लागत नाही.

आपला,
एक नियमित वाचक